मोरपंखी शेरा

एरंडोलच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर एक बाई होत्या. वह्या तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शुद्धलेखन असो की निबंध, एकही काना, एकही वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लाल शाईचं पेन घेऊन बसल्या की चाळीसेक वह्यांचा गठ्ठा हातावेगळा करूनच उठत. चुकलं तिथं गोल, गोलावर शुद्ध रूप, आणि पानाच्या तळाशी दोन ओळींचा शेरा. बरोबर असेल तिथं बरोबरची खूण. अक्षर वळणदार, शेऱ्याची भाषाही कधी लागट नसे. पालकसभेत त्यांच्या तपासणीचं कौतुक व्हायचं आणि ते खोटं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या लक्षात आलं, की एका मुलाची वही रोडावत चालली आहे. पिनेच्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडपानही पुढे सैल होऊन गळतं. शंभर पानी वहीत निम्मीही पानं उरली नव्हती, आणि उरली ती कोरी किंवा बिनचुकीची. बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. बराच वेळ तो शर्टाच्या गुंडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "बाबांना वाचता येत नाही, बाई. लाल किती आहे तेवढंच बघतात."

लाल फार दिसलं की मार बसायचा. म्हणून ज्या पानावर लाल जास्त, ते पान घरी पोचण्याआधीच अंजनी नदीत जायचं.

बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. आपण जे मुलाच्या भल्यासाठी लिहीत होतो, त्याचा हिशेब त्या घरात वेगळ्याच भाषेत होत होता. सकाळी उठून त्यांनी ठरवलं, लाल शाई बंद.

सुट्टीत जळगावला गेल्या तेव्हा त्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात शिरल्या. काळी, निळी, निळी-काळी या नेहमीच्या बाटल्यांच्या मागे एक छोटी बाटली होती. दुकानदारानं काडी बुडवून कागदाच्या कपट्यावर रेघ ओढून दाखवली. ओली असताना रेघ हिरवी होती, वाळली तशी निळ्याकडे झुकली, आणि जिथं शाई दाट पडली होती तिथं कडेला तांबूस झाक आली. मोरपंखी! बाईंनी किमतीची घासाघीसही केली नाही.

घरी आप्पा होते, बाईंचे वडील. त्यांची सगळी हयात दस्तलेखनात गेली होती. तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून त्यांनी खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिली. त्या टेबलावर कुणाची जमीन गेली, कुणाची आली. त्यामुळे शाई या गोष्टीकडे ते गमतीनं बघत नसत. लेक पेन भरायला बसलेली पाहून ते म्हणाले, "थांब. नवी शाई थेट कामाला लावायची नसते. आधी तिची परीक्षा घे."

मग दोघं ओट्यावर बसले. आप्पांनी चार तऱ्हेचे कागद काढले: लेजर पेपर, साधा फुलस्केप, चोपडीचं पिवळट पान आणि मुलांच्या शाळेतल्या वहीचं पान. प्रत्येकावर एकच वाक्य लिहायला लावलं. लेजर पेपरवर रेघ स्वच्छ उठली. वहीच्या पानावर मात्र अक्षरांना बारीक मुळं फुटली आणि शाई मागच्या बाजूला उतरली. "हा कागद शाई सोसत नाही," आप्पा म्हणाले. "आणि तुला तर ह्याच्यावरच लिहायचंय. लेजरवर कितीही देखणी दिसली तरी काय उपयोग? बारीक निब लाव आणि हात हलका ठेव."

दुसरी परीक्षा पाण्याची. वाळलेल्या ओळीवर त्यांनी बोटाच्या टोकानं एक थेंब सोडला, थोडा वेळ राहू दिला आणि टीपकागदानं टिपला. अक्षरं वाहून गेली, नुसती फिकट सावली राहिली. फाउंटन पेनची बहुतेक शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. त्यामुळे ती निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांमधून सहज झरते आणि पेन तुंबत नाही. पण जी पाण्यात विरघळून आली, ती पाण्यानं जाणारही. आप्पांनी म्हणूनच दस्ताला कायम निळी-काळी वापरली. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार असतो. लिहिताना ती निळी दिसते, हवा लागली की कागदाच्या तंतूंतच काळी पडत जाते, आणि मग पाण्याला दाद देत नाही.

तिसरी परीक्षा उन्हाची. दोन रेघा ओढलेली पट्टी दक्षिणेच्या खिडकीत, अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून, सुट्टी संपेपर्यंत ठेवायची.

चौथी बाईंनी स्वतःच लावली, कारण ती त्यांना वर्गात दाखवायची होती. टीपकागदाच्या पट्टीवर खालून बोटभर अंतरावर शाईचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक पाण्यात टेकवलं. पाणी कागदातून वर चढू लागलं. ठिपक्यापाशी पोचलं आणि त्याला घेऊन निघालं. हळूहळू मोरपंखी रंग फाटत गेला: पुढे लखलखीत निळा, मागे पिवळा, आणि सगळ्यात खाली, जिथून निघाला तिथंच अडून बसलेला, गुलाबीचा एक पुसट पट्टा. एका रंगात तीन रंग होते. आप्पाही चष्मा वर करून बघत राहिले. इतकी वर्षं शाईत घालवूनही हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते आत गेले आणि फडक्यात बांधलेला एक कागद घेऊन आले. त्यांच्या आजोबांच्या दप्तरातला, मोडीत लिहिलेला, हाताला जाड आणि जरा खरबरीत. "हा इथला," ते म्हणाले. "आपल्या गावचा."

आज एरंडोल म्हटलं की लोकांना पांडववाडा आठवतो, पद्मालयाचा गणपती आठवतो, नाहीतर जळगाव-धुळे रस्त्यावरचा थांबा. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंपीरियल गॅझेटियरनं या गावाची ओळख दिली आहे ती जाड्याभरड्या देशी कागदाचं एकेकाळचं नावाजलेलं ठिकाण म्हणून. तो धंदा तेव्हा थोडाफार शिल्लक होता. त्याच नोंदीत इथल्या व्यापारात कापूस आणि धान्याबरोबर निळीचंही नाव आहे. तिकडे तापीपलीकडे यावलही कागद आणि निळीसाठीच ओळखलं जायचं. म्हणजे एके काळी या मुलखात कागदही पिकत होता आणि रंगही. चिंध्या, गोणपाट, जुने दोर आणि रद्दी चुन्यात भिजवायची, कुटायची, धुवायची. तो लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, ताव भिंतीला लावून वाळवायचे, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचे. घोटल्याशिवाय कागद बोरूची शाई सोसत नसे. आणि शाई म्हणजे काजळ नि डिंक, खलून खलून एकजीव केलेलं. काजळ हा नुसता कोळसा. तो ना उन्हानं उडतो, ना हवेनं. आप्पांच्या हातातल्या तावाच्या कडा कुरतडल्या होत्या, पण मोडीची ओळ काळीभोर होती.

"आमच्या लहानपणी शाईची पुडी मिळायची," आप्पा सांगू लागले. "दौतीत पाणी घ्यायचं, पुडी सोडायची आणि काडीनं ढवळायचं." गिरगावात १९३१ साली दांडेकरांनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या, पुढे त्यातूनच कॅम्लिनचा पसारा वाढला. खेड्यापाड्यातल्या शाळांना काचेच्या बाटलीपेक्षा पुडी परवडायची, फुटायची भीती नाही आणि वाहून न्यायलाही सोपी. आप्पा बराच वेळ बोलत होते. शेवटी मोडीचा ताव घडी घालताना त्यांनी विचारलं, "पण मला हे सांग, ही मोरपंखी वाचणार कोण?"

"मुलं," बाई म्हणाल्या.

"मग आणखी एक परीक्षा राहिली. ती इथं ओट्यावर नाही व्हायची."

शाळा उघडली. खिडकीतली पट्टी बाईंनी काढून पाहिली, उघडी बाजू झाकलेल्या बाजूपेक्षा फिकी पडली होती. पण शुद्धलेखनाची वही वर्षभर टिकली तरी पुष्कळ. बाईंनी पेन भरलं.

पहिल्या दिवशी वह्या परत दिल्या आणि वर्गात कालवा झाला. मुलं एकमेकांच्या वह्या ओढून बघत होती. कुणी पान उजेडात तिरकं धरून तांबूस झाक शोधत होतं, कुणी बोट ओलं करून रंग पुसून बघत होतं. टीपकागदाची पट्टी बाईंनी सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं बाकावर उभी राहिली. आणि त्या मुलाची वही त्या आठवड्यापासून रोडावायची थांबली. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी ही हकिकत सांगितली. दुसऱ्याच दिवशी तिसरीच्या बाईंनी जांभळी शाई मागवली.

इथं थांबता आलं असतं तर गोष्ट सोपी होती. लाल रंगानं पोरं बिचकतात, रंग बदला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नाही. पण बाईंच्या वर्गात पुढे जे झालं ते कुणाच्या हिशेबात नव्हतं.

वर्गात एक मुलगी होती. तिचं कधीच काही चुकत नसे. तिच्या वहीचं काम बाई सगळ्यात शेवटी ठेवत, कारण ती वही म्हणजे विसावाच होता. डोळे फिरवायचे, खुणा करायच्या, मिटायची. माघ लागता लागता तिच्या वहीत चुका होऊ लागल्या. आधी एक, मग तीन, मग ओळीला एक. बाईंना वाटलं, घरी काही आजारपण असेल, नाहीतर डोळ्यांचा त्रास असेल. त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. चुका वाढल्याच.

एका संध्याकाळी तिची वही उघडी असताना खिडकीतून तिरपं ऊन पानावर आलं. तिनं लिहिलं होतं, 'अंजनि नदि.' बाई गोल करणार तोच त्यांना दिसलं, की दोन्ही वेलांट्यांच्या बाजूला कागद किंचित खरवडलेला आहे. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. ह्रस्व वेलांटीच्या शेजारी पेन्सिलीची पुसलेली खोच होती. तिथं आधी दीर्घ होती. मुलीनं 'अंजनी नदी' अगदी बरोबर लिहिलं होतं, मग खोडरबरानं दीर्घ वेलांट्या पुसून मुद्दाम ह्रस्व काढल्या होत्या. बाईंनी मागची पानं चाळली. सगळीकडे तेच. प्रत्येक चुकीखाली एक बरोबर पुसलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एकटीला बोलावलं. रागावल्या नाहीत, पान तिच्यापुढे धरलं, एवढंच. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या वहीत मोरपंखी येतच नव्हतं, बाई."

"अगं, बरोबरच्या खुणा आहेत की!"

"त्या एवढ्याश्शा." तिनं नखाएवढी जागा दाखवली. "बाकी सगळ्यांना तुम्ही खाली लिहिता. मला कधीच नाही."

बाईंनी बाकीच्या वह्या काढून तिच्या वहीशेजारी मांडल्या. मुलगी खरं बोलत होती. वर्षभरात त्या मुलीला त्यांनी जेवढी शाई दिली होती, तेवढी एखाद्या चुकार पोराला एका पानात दिली होती. आणि हे मोरपंखीमुळे झालं नव्हतं. लाल होती तेव्हाही असंच होतं. लाल रंगाचा हेवा कुणाला वाटत नव्हता, म्हणून कळलं नव्हतं. रंग सुंदर झाला आणि कमी कुठं पडतंय ते उघडं पडलं.

त्या संध्याकाळी आप्पा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्या धंद्यातही असंच. दस्तात खोट निघाली की माणूस भांडायला दारात यायचा. निर्दोष दस्त न्यायचे त्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही."

त्या रात्री बाई मुलीची वही घेऊन बसल्या. ठरवलं होतं, आज तिलाही दोन ओळी लिहायच्या. पण लिहायचं काय? 'छान', 'सुंदर', 'अशीच प्रगती कर' हे लिहून पाहिलं आणि त्यांनाच ते पोकळ वाटलं. असा शेरा न वाचताही लिहिता येतो. चूक शोधायला वेलांटी बघावी लागते, वाक्य वाचावं लागत नाही. आता मात्र वाचणं भाग होतं. म्हणून त्यांनी तिचा 'आमचे शेत' हा निबंध पहिल्या ओळीपासून, वही तपासायची आहे हे विसरून, वाचला. मधे एक वाक्य होतं: कापूस वेचताना आजी एका बोटाला चिंधी बांधते. बाई थांबल्या. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात, वेचणाऱ्यांची बोटं सोलवटतात, हे त्यांनी खानदेशात जन्म काढून पाहिलं होतं. पण एकाच बोटाला? त्यांनी खाली लिहिलं: 'आजी नेमक्या कोणत्या बोटाला चिंधी बांधतात? आणि बाकीच्या बोटांना का नाही?'

दोन दिवसांनी वही आली तेव्हा शेऱ्याखाली पेन्सिलीनं उत्तर होतं. 'अंगठ्याला. आजी म्हणते, बाकीची बोटं बांधली तर कापूस सुटला का ते कळत नाही.' एकही चूक नव्हती आणि खोडरबराची खूणही नव्हती.

या शेऱ्यावरून मला अमळनेर आठवतं, ते एरंडोलपासून फार लांब नाही. तिथल्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढत. छापायला पैसा कुठला, ते हातानं लिहून काढलेलं असे. दिवसभर शिकवून झाल्यावर एक माणूस मुलांनी वाचावं म्हणून कागद भरतो, हे मला त्यांच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांइतकंच मोलाचं वाटतं. त्यांची शाई कोणत्या रंगाची होती, याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. आणि जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिताच येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ऐकता ऐकता टिपून घेतली म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्रापुढे आली. ज्यानं कान देऊन ती उतरवून घेतली, त्याच्या हातातल्या दौतीला त्या दिवशी केवढं काम मिळालं असेल!

बाईंनी मग नेम बांधला. चाळीस वह्यांत रोज असं लिहिणं कुणालाही जमणारं नाही आणि जमतं असं कोणी म्हणू नये. त्यांनी वह्यांची पाळी लावली: रोज आठ वह्यांत प्रश्न, बाकीच्यांत नेहमीची तपासणी. चुका दाखवणं त्यांनी सोडलं नाही. ह्रस्व-दीर्घ चुकलं तर चुकलंच, ते मुलाला सांगितलं नाही तर पुढे आयुष्यभर दुसरं कोणीतरी त्याला हसून सांगणार. पण चुकीची खूण आता लहान झाली, ओळीच्या वर, बारीक. तळाची जागा प्रश्नासाठी राखली.

पाळी फिरत फिरत त्या पानं फाडणाऱ्या मुलापर्यंत आली. 'माझे बाबा' हा निबंध होता. आधीच्या सवयीनं बाईंनी त्यात चार गोल केले असते आणि शुद्धलेखनाचा सराव करावा असं लिहून वही मिटली असती. त्यांनी तो वाचला.

'माझे बाबा जिनिंगवर जातात. ते संद्याकाळी म्हातारे होउन येतात. आंगोळ केली की परत तरुन होतात. मग आई हसते.'

सरकीपासून कापूस सुटा होतो तिथं हवेत तंतू उडत असतात. हमालांच्या केसांवर, भुवयांवर, मिशांवर ते बसतात. जिनिंगवरून परतणारी माणसं बाईंनी कितीतरी संध्याकाळी रस्त्यावर पाहिली होती. ती म्हातारी होऊन येतात, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. बाईंनी ओळीच्या वर बारीक अक्षरात चार दुरुस्त्या केल्या आणि खाली लिहिलं: 'बाबा म्हातारे असताना तू त्यांच्याशी काय बोलतोस?'

त्याच आठवड्यात मुलाचे वडील शाळेत आले. कामावरूनच आले असावेत, कानांच्या मागे कापूस अडकला होता. दारातच चपला काढून उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बाई, पोऱ्या सुधरना वाटस. वहीमा आते लाल काहीच दिसत नही."

बाईंच्या पोटात गोळा आला. हो म्हटलं असतं तर माणूस खूश होऊन गेला असता आणि मुलाची पाठही सुरक्षित राहिली असती. एवढ्या महिन्यांत मोरपंखीनं त्या घरात हेच तर काम केलं होतं, चुका झाकल्या होत्या. बाईंनी बाक पुढे सरकवला.

"बसा भाऊ. लाल नाही, कारण मी शाई बदलली. चुका आहेत. ह्या बघा, ह्या निळ्या-हिरव्या. आधीपेक्षा थोड्या कमी आहेत, पण आहेत."

त्यांचा चेहरा उतरला. नजर मुलाकडे वळली. मुलगा भिंतीला चिकटला होता.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "त्यानं काय लिहिलंय तेही ऐका." आणि त्यांनी निबंध वाचून दाखवला, सावकाश, आईच्या हसण्यापर्यंत.

ते काही बोलले नाहीत. हात नकळत केसांकडे गेला, बोटांना कापूस लागला, तो त्यांनी बघितला. मग म्हणाले, "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"ह्यामा चुकनं कोठे?"

बाईंनी बोट ठेवून दाखवलं: इथं ध हवा, इथं ऊ दीर्घ हवा, इथं घ हवा, इथं ण हवा. ते वाकून प्रत्येक खुणेकडे बघत होते, वाचता येत नसतानाही. शेवटी मुलाला जवळ बोलावलं. तो आला तो अंग चोरूनच. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई सांगतीस ते दुरुस्त करी ले," ते म्हणाले. "पन लिखेल खरं शे."

होळीच्या सुमारास मोरपंखीची बाटली संपली. जळगावच्या दुकानात ती पुन्हा मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, मागणी नाही, मागवत नाही. बाईंनी फार शोधाशोध केली नाही. कपाटात साधी निळी होती, तीच भरली. शिक्षकांच्या खोलीत तिसरीच्या बाईंनी विचारलंही, आता मुलं हिरमुसतील का? बाईंना सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. मुलांनी आपापली पानं उघडली आणि नेहमीप्रमाणे तळाशी आधी बघितलं. एकदोघांनी रंगाबद्दल विचारलं, बाईंनी सांगितलं, संपली. तेवढ्यात तो मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. त्याच्या कपाळाला आठी होती.

"बाई, मी मागच्या वेळी खाली विचारलं होतं, कापसाची सरकी परत पेरली तर उगवते का. तुम्ही चुका काढल्या, पण त्याचं उत्तर राहिलं."

बाईंनी वही घेतली, मागचं पान उलटलं आणि निळ्या पेनानं लिहायला बसल्या.